भट्टीमागची माती

मुनिरा मुलाणीच्या हातची चूल तडकत नाही, अशी ख्याती बारामतीपासून इंदापूरपर्यंत होती. घरोघरी गॅस आला, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरून उतरलं नव्हतं. त्यात गेल्या काही वर्षांत हमरस्त्याच्या कडेनं ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या लावून हॉटेलं उभी राहिली. त्यांचे मालकही चुलीसाठी मुनिराच्याच दारात येऊ लागले. शेजारी वैल, म्हणजे त्याच धगीवरचं दुसरं तोंड, असलेली जोडचूल ती तीन दिवसांत उभी करायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा शहबाज इंदापुरात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. घर कालव्याकाठच्या वस्तीवर, पत्र्याचं पण नीटनेटकं.

चुलीचं सारं गमक मातीत असतं, आणि तीच या भागात मिळणं अवघड झालं होतं. कालव्याच्या पाण्यानं जमिनी पिकल्या आणि त्याच पाण्यानं खारावल्या. उन्हाळ्यात उसाच्या सऱ्यांवर पांढरा थर चढतो, तो मीठ सांडल्यासारखा दिसतो. अशा मातीची चूल दोन महिन्यांत पापुद्रे टाकते. म्हणून सासूनं मुनिराला लग्नानंतर पहिल्याच वर्षी एक पारख शिकवली होती. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. खारट लागली की थुंकून पुढं चालायचं. मुनिरानं चाळीस वर्षं हेच केलं. डोळ्यांपेक्षा जिभेवर तिचा भरवसा जास्त होता.

ओढ्याकाठची तिची जुनी खाण रस्त्याच्या रुंदीकरणात गेली, त्याला सात वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात ती पाटी घेऊन वणवण फिरली. जिथं हात घालावा तिथं खारट. शेवटी माळावरच्या बंद भट्टीमागं आली. जुन्या बॅटऱ्या फोडून, त्यातलं शिसं वितळवून विटा पाडायचा कारखाना तिथं होता. लोक त्याला नुसतं ‘भट्टी’ म्हणत. तो बंद पडूनही तेव्हा दोन वर्षं झाली होती. मागच्या बाजूला, जिथं भट्टीचं पाणी साठायचं, तिथं करडी माती बसली होती. खडा नाही, कचरा नाही, लोण्यासारखी चिकट. मुनिरानं चिमूट जिभेवर ठेवली. खारट तर नव्हतीच, वर किंचित गोडसर लागली. तिला सोनं सापडल्यासारखं झालं.

त्या मातीच्या चुली खरंच तडकल्या नाहीत.

चूलवाल्या बाईकडं आणखी एक काम परंपरेनं असतं. पोटुशी बाईला मातीची ओढ लागली की ती चूल घडवणारीकडं येते. मुनिरा तळहाताएवढ्या पातळ पापड्या थापायची, चुलीच्या आरावर भाजायची आणि येणाऱ्या बाईच्या पदरात पाच पापड्या टाकायची. याचे पैसे घ्यायचे नाहीत, असं सासूचं सांगणं होतं. भाजली की माती शुद्ध होते, असंही ती सांगायची. गेल्या सात वर्षांत अकरा जणी मुनिराच्या दारी या पापड्यांसाठी येऊन गेल्या होत्या.

बारावी तिची सून रुक्सार.

रुक्सारला सहावा महिना लागला होता. दीड वर्षापूर्वी तिचं पहिलं मूल तिसऱ्याच महिन्यात पडलं होतं, त्यामुळं या खेपेला घरात सगळे जपून पावलं टाकत होते. मुनिरा तिला बादली उचलू देत नव्हती. शहबाज दर शनिवारी डाळिंबं आणायचा. पण पोरीच्या तोंडावर तेज नव्हतं. चेहरा पिठासारखा, पोटात कळा, चार-चार दिवस शौचाला होत नसे. लोहाच्या गोळ्या अडीच महिने खाऊनही रक्त वाढेना. वस्तीवरची आशाताई प्रतिक्षा मागं लागली, तेव्हा सासू-सून बारामतीच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर राजनंदिनी वयानं लहान होत्या, पण प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत. कागद चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, “रुक्सार, माती, खडू, राख असं काही खातेस का? लाजू नकोस. पुष्कळ जणी खातात.”

रुक्सारनं सासूकडं पाहिलं. सासूनं भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं पाहिलं.

“न्हाय मॅडम,” रुक्सार म्हणाली.

“नक्की?”

“न्हाय.”

डॉक्टरबाईंची नजर मुनिराकडं वळली. ती काहीच बोलली नाही. माती खाते म्हटलं तर डॉक्टरीण पोरीला रागावणार, मग शहबाजच्या कानावर जाणार, आणि तो म्हणणार, अम्मी, तूच दिलीस ना? एवढाच विचार त्या घटकेला तिच्या मनात होता. बाकी भीती तिला ठाऊकच नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

नवव्या दिवशी मुनिरा माती आणायला माळावर गेली. भट्टीला नव्या तारेचं कुंपण पडलेलं होतं आणि फाटकाला लाल अक्षरांची पाटी. फाटकाशी संभाजीतात्या बसले होते. भट्टी चालू असताना ते तिथं कामाला होते आणि बंद पडल्यावर राखणीला राहिले. पगार कधीच थांबला होता, पण सकाळी येऊन बसायची सवय गेली नव्हती. त्यांचे दोन्ही हात मनगटातून खाली लोंबत. लोक म्हणत, तात्यांना लकवा झाला.

“काय तात्या, जागा इकली का काय?”

“इकतंय कोण आन घेतंय कोण! सरकारी मान्सं हायती. दोन म्हयन्याखाली पिशव्यांत माती भरून नेली, तवा मी म्हनलं, चुली घालताय का काय? परवा येऊन पाटी ठोकून गेली.”

“काय लिव्हलंय?”

“धोका. ह्या जागंतल्या मातीत शिसं हाय. माती न्यायची न्हाय, जनावरं चारायची न्हाईत.” तात्यांनी पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. “भट्टी गेली भाभी, शिसं हितंच ऱ्हायलं. माझ्या हातांचंबी त्येच म्हनली त्यातली एक पोरगी. लकवा न्हाय म्हनं. शिसं.”

मुनिरानं डोक्यावरची मातीची पाटी खाली ठेवली.

“मातीला हात लावला तर हुतंय?”

“हात लावून न्हाय एवढं. पोटात गेली तर. धूळ, हात न धुता भाकरी, असं. बारक्या पोरांचं डोकं चालत न्हाय, बोलाय येत न्हाय. पोटुशी बाई असली तर पोटातल्या लेकरापातूर जातं म्हनली.” आणि तात्या हसले. “मी म्हनलं, बाई, आमच्यात माती कोण खातंय? आमची म्हसरंबी खात न्हाईत.”

मुनिरा दोन पावलं पुढं गेली. तिनं कुंपणाची तार धरली. पलीकडं तिचा खड्डा दिसत होता, सात वर्षं खणून कमरेइतका झालेला. त्याच्या कडेवर तिच्या खुरप्याच्या खुणा होत्या. तिथं एक गवताची काडी उगवलेली नव्हती. सात वर्षं ती या गोष्टीवर खूश होती, कारण मुळं निवडत बसावं लागत नसे.

“भाभी, ऊन लागलं का काय? बसा जरा.”

“न्हाय तात्या. जाते.”

रिकामी पाटी तिथंच राहिली.

घरी येताना तिच्या डोक्यात महिने मोजले जात होते. रुक्सारनं पापड्या मागितल्या त्या दुसऱ्या महिन्यात. रोज दोन, कधी तीन. आणि मग अचानक तिला दीड वर्षापूर्वीचं आठवलं. त्याही वेळी रुक्सारनं पापड्या खाल्ल्या होत्या. त्याही वेळी तिनंच भाजल्या होत्या. कालव्याच्या पुलावर ती उभी राहिली.

रुक्सार ओसरीवर बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात पापड्यांचे तुकडे. मुनिरानं डबा हिसकावला.

“अम्मी! काय झालं?”

“थुक. तोंडातलं थुक आधी.”

रुक्सारला गंमत वाटली. “तुमीच दिली, आन तुमीच थुक म्हनताय?”

“थुक म्हनते ना!”

हा आवाज त्या घरात कधी कुणी ऐकला नव्हता. रुक्सार थुंकली. मुनिरानं तिला चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, पाचदा. मग सगळं सांगितलं. ऐकताना रुक्सारचा हात नकळत पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

“मग ते पयलं...” ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात मातीची पापडी राहिली नाही. पण ओढ काही सांगून जात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी टाकताना मुनिराला चुलीची कड वेगळी दिसली. वैलाच्या मागच्या अंगाला, जिथं भिंतीचा आडोसा होता, तिथं माती कुरतडलेली होती. बोटाच्या नखांच्या बारीक रेघा, एकाशेजारी एक. तिनं रुक्सारला हाक मारली नाही. पीठ लागल्या हातानं ती रेघांवरून बोट फिरवत राहिली. पोरीला कळतंय, भीती वाटतेय, रात्रंदिवस रडतेय, आणि तरीही हात जातोय. अशी कसली ही माती, जी आपल्याकडं ओढून घेते?

तिनं पहार उचलली. चाळीस वर्षांत तिनं आपल्या हातची धड चूल कधी मोडली नव्हती. तीन घावांत चूल खाली बसली. घरभर करडी धूळ उडाली आणि ती उडताना बघून मुनिराला नवीनच धसका बसला. ही धूळ आता पोरीच्या नाकातोंडात जाणार. तिनं रुक्सारला ओरडून बाहेर काढलं, फडकं ओलं केलं, तोंडाला बांधलं आणि ओल्या हातांनी एकेक ढेकूळ गोणीत भरलं. भरून झाल्यावर तिला प्रश्न पडला, आता ही गोणी टाकायची कुठं? उकिरड्यावर टाकली तर कोंबड्या उकरतात. ओढ्यात टाकली तर पाण्यात जाते. उसात टाकली तर मुळाशी. आयुष्यभर मातीत हात घातलेल्या बाईला एक गोणी माती ठेवायला जागा सापडेना. शेवटी ती डोक्यावर घेऊन माळावर गेली आणि कुंपणावरून आपल्याच खड्ड्यात टाकून आली.

त्या संध्याकाळी शहबाज चार दिवसांनी इंदापुराहून घरी आला. चुलीच्या जागी ओला डाग बघून थबकला. मुनिरानं त्याला पाणीही दिलं नाही, आधी सांगितलं.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “आन डॉक्टरनं इचारलं तवा?”

“मी शेजारीच बसले हुते.”

“गप बसलीस?”

“व्हय.”

शहबाजनं मोटारसायकलची किल्ली हातात घेतली, परत खिळ्याला अडकवली, परत घेतली. आईवर ओरडावं तर ती समोर खाली मान घालून उभी होती. “सकाळी जायाचं बारामतीला,” एवढंच तो म्हणाला. “पंधरा दिवस थांबायचं न्हाय.”

डॉक्टर राजनंदिनींनी मुनिराचं बोलणं मधे न तोडता ऐकलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मुनिराला बरं वाटलं असतं. त्यांनी रुक्सारचं रक्त घेतलं आणि मग अचानक म्हणाल्या, “आजी, जरा तोंड उघडा.”

छोटी बॅटरी दातांवर धरून त्या बराच वेळ बघत होत्या. “मिश्री लावता?”

“न्हाय मॅडम. कदी न्हाय.”

“हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आहे. कधीपासून?”

मुनिराला माहीत नव्हतं. आरशात आपल्या हिरड्या कोण बघतं? डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढं करून पंजे वर उचलायला सांगितले. डावा पंजा उचलला गेला, उजवा अर्ध्यावरून खाली आला. तिला माळावरचे तात्यांचे लोंबते हात दिसले. वर्षभर उजव्या हातातून परात निसटत होती, ते ती म्हातारपणावर ढकलत आली होती.

“रोज जिभेवर ठेवत होता?”

“रोज. पारख करायला.”

डॉक्टरांनी तिचंही रक्त घेतलं.

अहवाल पुण्याहून यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस रुक्सार एका कुशीवर पडून पोटातली हालचाल मोजत असे. सकाळी दहा वेळा, दुपारी सात वेळा. सातच का? दुपारी झोपलं असेल. मग पाणी पी, साखर खा, परत मोज. मुनिरा उंबऱ्यात बसून तिच्या ओठांकडं बघत असे आणि आकडा मोठा निघाला की श्वास सोडत असे.

रक्तातल्या शिशाचा मुनिराचा आकडा एकसष्ट आला. रुक्सारचा त्रेचाळीस.

“किती पायजे?” शहबाजनं विचारलं.

“शून्य,” डॉक्टर म्हणाल्या. “पाचाच्या वर आम्ही काळजी करतो. मुनिराबाईंना दाखल करून औषध द्यावं लागेल. रुक्सारला ते औषध या अवस्थेत द्यायचं मी टाळतेय. लोह, कॅल्शियम, चांगला आहार, आणि त्या मातीपासून दूर. अगदी दूर.”

“आन बाळ?” रुक्सारनं विचारलं.

“आईच्या रक्तातलं बाळाकडे जातं. किती गेलं, ते जन्मल्यावर कळेल. आता आणखी जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.”

दुसऱ्याच दिवशी रुक्सारला सुप्याला माहेरी पोचवायचं ठरलं. कोरडवाहू गाव, कालव्यापासून लांब. जाताना तिचे कपडे दोनदा धुतले, चपला इथंच ठेवल्या. निरोपाला मुनिरानं तिला जवळ घेतलं नाही. ती दोन हात लांब उभी राहिली.

शहबाज परतल्यावर मुनिरा प्रतिक्षाला घेऊन निघाली. अकरा घरं होती. पहिलं घर तिनं मुद्दाम कौसल्येचं धरलं, कारण तिथं जायची सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. कौसल्या तिची वीस वर्षांपासूनची शेजारीण. तिच्या सुनेनं पाच वर्षांपूर्वी पोटभर पापड्या खाल्ल्या होत्या. त्यांची छकुली आता चार वर्षांची, अंगानं गुटगुटीत, पण ‘आजी’ आणि ‘न्हाय’ एवढंच बोलायची. उशिरा बोलतात काही पोरं, असं सगळे म्हणत. छकुलीचा बाप पण उशिरा बोलला होता.

कौसल्येनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या मागं स्वयंपाकघरात मुनिरानंच घातलेली जोडचूल पेटलेली होती आणि छकुली तिच्याशेजारी बसून राखेत बोट फिरवत होती. बोट तोंडाकडं जायच्या आत मुनिरा धावली आणि पोरीला उचलून बाहेर आणलं.

“हात लावू नगं माझ्या पोरीला!” कौसल्या किंचाळली. मग आवाज खाली आला आणि तो जास्त झोंबला. “सुनेसाठी मी आले हुते तुझ्या दारात. मी पदर पसरला हुता. आन तू हसून टाकलंस त्यात.”

“व्हय आक्का.”

“पैसं घेतलं असतंस तरी बरं झालं असतं गं. कुनाच्या तरी लोभानं झालं म्हनून शिव्या तरी देता आल्या असत्या. आता कुनाला देऊ?”

“मला दे.”

“देते की! सात गावात सांगते, मुलाण्याच्या भाभीनं आमच्या लेकराला माती चारली म्हनून.”

“सांग. सगळ्यास्नी सांग. म्हंजी उरलेल्या येतील तरी. पर आदी हिला बारामतीला ने. मंग काय बोलायचं ते बोल.”

कौसल्या छकुलीला छातीशी धरून उभी राहिली. प्रतिक्षानं तारीख आणि वेळ लिहून चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती तिनं फाडली नाही. छकुलीचा आकडा पुढच्या आठवड्यात एकतीस आला. आणखी चार घरांत मुलांचे आकडे दोन अंकी निघाले. एका घरानं दार उघडलं नाही. त्या घरी मुनिरा तीन वेळा गेली आणि तिसऱ्या वेळी दाराबाहेरूनच सगळं मोठ्यानं सांगून आली. हॉटेलवाल्यांच्या चुली फोडायला मात्र कुणी तयार होईना. गिऱ्हाईक आहे, नंतर बघू, म्हणाले.

मुनिरा स्वतः पाच-पाच दिवस दोनदा दवाखान्यात राहून आली. आकडा उतरला, काही दिवसांनी परत चढला. हाडांत मुरलेलं आहे, ते हळूहळू बाहेर येणार, डॉक्टर म्हणाल्या. हाडांतून म्हणजे कुठून, हे तिला नीट कळलं नाही, पण अंथरुणावर कूस बदलताना तिला आपलीच हाडं परकी वाटू लागली.

रुक्सार भाद्रपदात बाळंत झाली. बारामतीलाच, डॉक्टर राजनंदिनींच्या हाताखाली. मुलगी. वजन सव्वादोन किलो. रडली, हे ऐकून शहबाज जिन्यातच बसला. नाळेतलं रक्त तपासायला गेलं होतं, त्याचा अहवाल चौथ्या दिवशी आला. सव्वीस.

“कमी हाय ना? त्रेचाळीसपेक्षा?” मुनिरानं विचारलं.

“कमी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आहे. दर दोन महिन्यांनी बघू. मान कधी धरते, आवाजाकडे वळते का, बोलते कधी, सगळं नोंदवत राहू. आत्ता यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही.”

मुलीचं नाव सुहाना ठेवायचं ठरलं होतं. मुनिरा चार दिवस खाटेपासून लांब, दाराशी स्टुलावर बसून होती. रुक्सार पाचव्या दिवशी म्हणाली, “अम्मी, घ्या की. किती दिस नुसत्या बघनार?”

“माझं हात...”

“हाताला आता काही नाही आजी,” फाइल लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाल्या. “साबणानं धुवा आणि घ्या.”

मुनिरा उठली. बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. नखं एकेक करून घासली. पुसले, आणि परत धुतले. मग खाटेवर टेकून उजव्या हाताखाली उशी घेतली, कारण तो भरवशाचा राहिला नव्हता. रुक्सारनं मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. कापसाच्या पुडीएवढा भार. मुनिरानं डाव्या हाताच्या बोटानं तिच्या गालावर आलेलं दुपटं बाजूला केलं.

गालाला स्पर्श होताच सुहानानं मान वळवली, डोळे मिटलेलेच, आणि तोंड उघडून ती बोटाचं टोक शोधू लागली.

मुनिरानं हात मागं ओढला आणि पाठीमागं लपवला. “हिला घे रुक्सार,” ती म्हणाली, “भूक लागलीय तिला, घे लवकर.” रुक्सारनं मुलीला घेतलं तरी तो हात तिनं पुढं आणला नाही.